विचारणारीचा पेला

७ एप्रिल

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. ही लिहावी लागते आहे, कारण पैसे देणाऱ्या संस्थेने करारात तशी अट घातली आहे. दिग्दर्शिका हयात नसताना तिचा अपुरा चित्रपट जी व्यक्ती पूर्ण करील तिने रोज काय केलं, काय कापलं, काय बदललं याची नोंद ठेवायची, आणि शेवटी काय काय ताब्यात दिलं तेही त्यातच लिहायचं. उद्या वाद नको. अट मला पटली. कामाला शिस्त असलेली बरी. त्या दिग्दर्शिकेच्या, हेमलाच्या, कामाला ती कधीच नव्हती.

अमरावतीहून सकाळच्या गाडीने निघाले. किन्हीराजाला गाडी थांबली तेव्हा टपरीवर चहा घेतला, फार गोड होता, तरी दुसरा घेतला. मन प्रसन्न होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी मला कामासाठी बोलावलं होतं. वाशीमहून रिक्षा करून रिठदला पोचले.

घर गावाबाहेर, शेताला लागून आहे. स्लॅबचं, साधं, स्वच्छ. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली होती आणि तिच्या कडेकडेने चालत मला दारापर्यंत जावं लागलं. हेमलाच्या थोरल्या भावाची बायको, प्रयागबाई, इथे एकटी राहते. नवरा इंद्रभान मागेच गेला. जमीन तीच बघते, मजुरांशी तीच भांडते. माझी बॅग बघून म्हणाली, "तुमी शिनेमावाल्या बाया एवढंसंच सामान कसं आनता व? आमच्या हेमलाबाई बी तशाच. जाच्या बर्फात, अन् स्वेटर इथंच इसरून जाच्या." मी सांगितलं की मी काहीच विसरत नाही. त्यावर ती हसली. जेवायला ज्वारीची भाकर, आंबट वरण आणि कैरीची चटणी होती. पोटभर जेवले.

हेमलाची संकलनाची खोली मागच्या बाजूला आहे. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून राखाडी घोंगड्या ठोकल्या आहेत. खिडकी कायम बंद. यंत्रं चांगली आहेत, माझ्या महाविद्यालयात होती त्यापेक्षा कितीतरी चांगली. फळीवर परदेशातल्या महोत्सवांची मानचिन्हं आणि एक लाकडी पेला, काळपट, हातात नीट बसणारा. भिंतीवर हेमलाचा मोठा फोटो होता, बर्फाच्या टोपीतला. तो उतरवून मी प्रयागबाईच्या खोलीत ठेवला. यंत्राजवळ धूळ नको.

उद्यापासून काम.

९ एप्रिल

दोन दिवस फक्त बघते आहे.

चित्रपटाचं नाव हेमलाने ठरवून ठेवलं होतं, 'दगडावर नसलेले'. उत्तरेकडची एक दरी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण हेमलाने तिथल्या लोकांना तसा शब्द दिला होता आणि तो करारातही आहे. युद्धाच्या वेळी त्या दरीतल्या पुरुषांनी पाठीवरून दारूगोळा आणि रॉकेल वर नेलं. काही परत आले नाहीत. ते शिपाई नव्हते, हमाल होते, म्हणून स्मारकाच्या दगडावर त्यांची नावं कोरलेली नाहीत. त्यांच्या घरांत बसून हेमला वर्षानुवर्षं चित्रण करत होती. मधेमधे तिथलं रोजचं जगणं येतं. जवाची मळणी, छपरावर वाळणारे जर्दाळू, चुलीत शेणी सारणारी पोर, वर चरायला निघालेल्या मेंढ्यांची धूळ.

चांगलं आहे. मला खोटं लिहिता येत नाही. फार चांगलं आहे.

आम्ही दोघी पुण्याला एकाच वर्गात होतो. मुलगे बरेच, मुली आम्ही दोघीच, म्हणून प्रत्येक पाठाला आमची जोडी लावत. ती कॅमेऱ्यामागे, मी कानांवर हेडफोन लावून आवाज बघायला. पहिला क्रमांक माझा आला. नंतर तिने मला उत्तरेला बरोबर बोलावलं होतं. मी सरकारी माहितीपटांच्या संकलनाचं पक्कं काम धरलं. लसीकरण, शेततळी, धुराविना चूल. त्यांवर माझं नाव बारीक अक्षरांत यायचं आणि ते वाचून होण्याच्या आत पुढची पाटी यायची. हेमलाला टाळ्या मिळत होत्या, त्याही उभं राहून वाजवलेल्या. मी त्या वर्तमानपत्रात वाचल्या, पुढे महाविद्यालयात संकलन शिकवू लागले तेव्हाही.

एक गोष्ट नोंदवते. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला, चित्र सुरू होण्याआधी, ती माईकमध्ये बोलून आवाज तपासते. वर्गात असताना बोलायची तेच शब्द. "कुमुद, ऐकू येतंय का?" इतक्या वर्षांनंतरही. त्या डोंगरात, जिथे माझा काही संबंध नाही. जणू मी अजून तिची आवाज बघणारी मदतनीस आहे.

सगळीकडून कापून टाकलं.

१२ एप्रिल

हेमलाची पद्धत आता कळली. ती प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारते. "घर में कौन कम है?" हिंदी कसली, रिसोडच्या बाजारातली. पण तिने एवढं विचारलं की समोरचा माणूस बोलू लागतो आणि मग ती मधे एक शब्द बोलत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात तिचा हात दिसत राहतो, त्यात तो लाकडी पेला. माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. कॅमेऱ्याच्या डावीकडे, जिथे ती बसलेली असेल, तिथे बघतात. मी उभी हयात कॅमेऱ्यासमोर माणसं बसवली. ती सगळी पाठ केल्यासारखी बोलली. हिच्याकडे मात्र अशी बघतात.

पेल्याचा उलगडा एका तुकड्यात होतो. एक खूप म्हातारी बाई आहे, सगळे तिला आबी म्हणतात. तिचा मुलगा स्तोबदन रॉकेलचा डबा पाठीवर घेऊन गेला तो गेलाच. ती हेमलाच्या हातात पेला देते, त्यात गरम काहीतरी ओतते आणि मोडक्या हिंदीत समजावते. आमच्या इथे मेलेल्याबद्दल जो विचारतो त्याने पेला हातात धरायचा. सांगणं संपलं की प्यायचं आणि मगच उठायचं. मधेच उठायचं नाही. कारण विचारणाऱ्याचा आवाज मेलेल्यालाही ऐकू जातो. आपल्याबद्दल काय सांगतात ते ऐकायला तोही येऊन बसतो. सांगणं पुरं झालं की तो आपोआप जातो. हेमला विचारते, आणि अर्धवट राहिलं तर? आबी हसते. म्हणते, मग तो बिचारा कुठे जाईल? विचारणाऱ्याकडेच राहील.

तुकडा गोड आहे पण लांबण आहे. काढला. सगळ्या चौकटी थोड्या आत घेऊन हेमलाचा हातही बाहेर ठेवला. स्वतःचा हात प्रत्येक चित्रात दाखवणं हा मला मिरवण्याचा प्रकार वाटतो.

१५ एप्रिल

पुण्याहून संस्थेच्या सपनाचा फोन. हुशार मुलगी, पण प्रत्येक वाक्यात हेमलाताई. हेमलाताईंच्या त्या एका प्रश्नात अख्खा चित्रपट आहे मॅडम, असं म्हणाली. मी म्हटलं, ध्वनिमुद्रण खराब आहे, वाऱ्याची घरघर आहे. ती म्हणाली, तीच तर मजा आहे.

फोन ठेवल्यावर करार पुन्हा वाचला. दिग्दर्शनाचं श्रेय कामाच्या वाट्यानुसार ठरवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. रचना माझी आहे. चौकटी माझ्या आहेत. प्रश्नही माझ्या आवाजात असेल तर हेमलाचं उरलं काय? चित्रण. तसं लिहिता येईल, मूळ चित्रण, हेमला वानखडे. आणि आधी, एकटी, मोठ्या अक्षरांत, पुरेसा वेळ ठेवून, दिग्दर्शन, कुमुद गोटे.

२६ जुलैला वाशीमला पहिला खेळ आहे.

प्रयागबाईला ध्वनिमुद्रणाबद्दल सांगितलं. दुपारी आवाज करू नका म्हटलं. तिला आवडलं नाही. "पन तिचा आवाज कायले काढता? लोकं तिलेच त सांगून राह्यले," म्हणाली. मी तिला तांत्रिक कारण समजावलं. तिने हळद पालथी करता करता ऐकलं आणि म्हणाली, "तुमाले जे करा लागते ते करा, बाई. पन कारन दुसरं सांगू नका."

१६ एप्रिल

आज प्रश्न नोंदवला.

दुपारी वीज गेली, कूलर थांबला आणि अशी शांतता झाली की मुद्रणाला ती वाया घालवणं चूक झालं असतं. इन्व्हर्टरवर यंत्र चालू होतं. घसा कोरडा पडत होता म्हणून फळीवरचा पेला घेऊन माठातलं पाणी भरलं. खाली ठेवला असता तर टेबलावर आवाज आला असता, म्हणून हातातच धरला. माझा आवाज स्वच्छ लागतो. पहिलीच वेळ बरोबर आली. "घर में कौन कम है?"

तोच प्रत्येक घरात बसवला. हेमलाच्या आवाजाच्या मूळ नोंदी यंत्रातून पुसून टाकल्या. दोन प्रती ठेवल्या की घोळ होतो.

हिशेब ठेवण्याच्या दृष्टीने लिहिते, पाणी प्यायला विसरले. संध्याकाळपर्यंत पेला हातातच होता.

१८ एप्रिल

आनंदाची नोंद. माणसं आता समोर बघतात.

आधी सगळ्यांची नजर चौकटीच्या डावीकडे असायची. आज पहिला भाग पुन्हा पाहिला तर आबी सरळ माझ्याकडे बघते आहे. तो एका डोळ्याचा म्हातारा, ती मळणी करणारी सून, सगळे. चौकट आत घेतल्यामुळे तसा भास होत असणार. कोपरा बदलला की नजर बदललेली वाटते, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. पण भास असला तरी परिणाम उत्तम आहे. इतकी वर्षं ज्या नजरेचं कौतुक ऐकलं ती नजर आता माझ्याकडे आहे.

बराच वेळ नुसती बघत बसले. मला कोणी असं पाहिलेलं आठवत नाही.

२० एप्रिल

आबीचं बोलणं लांबलं आहे.

मी ते स्वतः कापलेलं आहे. ती मुलाबद्दल सांगते, थांबते, "बस, इतना," म्हणते, मूळ चित्रणात हेमलाचा हात पेल्यासह वर जातो आणि तुकडा संपतो. आज ती "बस, इतना" म्हणाली नाही. पुढे बोलत राहिली. स्तोबदनला लहानपणी जर्दाळूच्या बिया फोडायचा नाद होता. त्याचे बूट थोरल्या भावाचे होते, मोठे होत, आत लोकर कोंबावी लागे. असं काही हेमलाने चित्रित केलेलं नाही. मूळ साठ्यात पाहिलं, नाही.

यंत्र बंद केलं. ते बंद व्हायला वेळ लागला आणि तेवढ्यात तिने आणखी एक वाक्य सांगून घेतलं.

बाहेर ऊन रणरणतं आहे. खोलीत मात्र गार वाटतं. कूलर बंद होता.

२२ एप्रिल

पेला हातातून ठेवला जात नाही.

म्हणजे बोटं दुखत नाहीत, आखडलेली नाहीत. ठेवायला जाते आणि ठेवत नाही. डाव्या हातात तो, उजव्या हाताने काम. पाणी आधी कोमट झालं, मग गरम झालं. वर पातळ साय धरली आहे. प्यायला गेले तर ओठांपर्यंत येत नाही.

प्रयागबाई दारात येऊन बघून गेली. "बाई, मानसं हळदीपाशी बसाले सावली शोधून राह्यले अन् तुमी शाल पांघरता? बुखार हाये का?" म्हणाली. मग खाली पाहिलं. खोलीची फरशी ओली होती. तिला वाटलं माठ फुटला. माठ भरलेला होता.

पावलं होती. मोठ्या बुटांची. आतून कोणीतरी लोकर कोंबलेली असावी तशी, टाच नीट न उमटलेली.

२४ एप्रिल

काय झालं ते क्रमाने लिहिते.

जेवण झाल्यावर ओट्यावर बसले होते. वीज नव्हती. मला प्रयागबाईला विचारायचं होतं की वीज कधी येणार. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "घर में कौन कम है?" माझ्या आवाजात, अगदी जसं नोंदवलं तसं.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "हे तुमी मले इचारता?" म्हणाली. रागावली असं वाटलं. मग समोर बसली, हळदीवरच, आणि सांगायला लागली. इंद्रभान. त्याला गाडी हाकताना गाणं म्हणायची सवय होती आणि सूर नव्हता. तिच्या माहेरी, इंझोरीला, पहिल्यांदा आला तेव्हा लाजून पाणीच मागितलं नाही अन् वाटेत विहिरीवर बसून प्याला. मी माफी मागणार होते, पण तेवढ्यात ती पुढे गेली. हसत होती, रडत होती, थांबत नव्हती. ऊन कललं, मजूर पैसे मागायला येऊन तसेच परत गेले, हळद आत घ्यायची राहिली.

मी उठू शकले नाही. पेला हातात होता.

खरं लिहायचं तर पहिल्या काही वेळात मला सुख झालं. कोणीतरी मला सांगत होतं.

दिवेलागणीला ती बोलत बोलतच आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो आहे. ओट्यावर, ती बसली होती तिच्या शेजारी, कोणीतरी सूर नसलेलं काहीतरी गुणगुणतं.

२७ एप्रिल

कूलर दुरुस्त करायला रिसोडहून लखन नावाचा माणूस आला. किती झाले, एवढंच विचारायचं होतं.

त्याची बहीण. विहीर. तो पान्हे हातात घेऊन उभ्यानेच सांगत राहिला. मग बाहेर गेला, पण गेला नाही. कडुनिंबाखाली बसून झाडाला सांगतो आहे. नाही, झाडाला नाही. इकडे तोंड आहे त्याचं.

दूध घालणारी आली. मी तोंडावर पदर धरला होता. तिनेच विचारलं, बाई, तब्येत बरी नाही का. मला फक्त मान हलवायची होती.

२८ एप्रिल

मी गप्प आहे. उपयोग नाही. गावात पसरलं आहे की हेमलाच्या घरी एक बाई आली आहे, ती विचारते. आता न विचारताच येतात. अंगणात, हळदीवर, भर दुपारी. प्रत्येकाबरोबर आणखी एक.

अंगणातल्या मेलेल्यांना सांगणारे तरी आहेत. खोलीत बसलेत त्यांना कोणी नाही. ते दरीतले. त्यांचं सांगणं मी कापलं, हेमलाचा पेला चौकटीबाहेर ठेवला, तिचा आवाज पुसला. ते भिंतीला टेकून बसतात. घोंगड्यांना बर्फ लागलं आहे. पाठीवरची ओझी उतरवत नाहीत. रॉकेलचा वास.

वाईट नाहीत. वाट बघतात. माझं तोंड बघतात.

हेमलाला हे कसं जमायचं? ती प्यायची. संपेपर्यंत बसायची आणि प्यायची. मी कधी कोणाचं संपेपर्यंत —

१ मे

उपाय एकच. तिचा आवाज परत बसवायचा. विचारणारी ती, पेला तिचा, तिने ऐकून संपवलेलं आहे.

मी तो पुसला.

सपनाला फोन करता येत नाही. संदेश लिहिला. लिहिता येतं, ते बरं आहे. तिचं उत्तर आलं, मूळ आवाजाची एक प्रत पुण्याला सुरक्षित आहे. ताबा घ्यायला येईन तेव्हा आणते. फक्त मॅडम, मग प्रश्न हेमलाताईंचेच राहतील, तेव्हा करारानुसार दिग्दर्शनात त्यांचंच नाव. तुमचं संकलन म्हणून, हवं तर मोठ्या अक्षरांत.

मोठ्या अक्षरांत. संकलन.

प्रयागबाई चुलीपाशी बोलते आहे. आवाज बसला आहे तिचा. जेवत नाही. सांगायचं राहील म्हणून घास घेत नाही.

३ मे

आज एक वेळ अशी आली की मी ठरवलं. नाव काढते. आयुष्यभर नव्हतं, आणखी नसेल.

यंत्र लावलं. ती पाटी आली. काळ्यावर पांढरी. दिग्दर्शन, कुमुद गोटे. पुरेसा वेळ ठेवलेला. वाचून होऊन वर थोडा उरेल इतका.

भिंतीशी बसलेल्यांनीही वाचली. त्यांना वाचता येत असेल असं वाटलं नव्हतं. एकाने, लोकर कोंबलेल्या बुटांवाल्याने, पाटीवर बोट फिरवलं. दगडावर फिरवतात तसं. मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत ते होतं. मला ओळखता येतं ते. हेवा.

मी पाटी काढली नाही.

५ मे

सपना आली. गाडी अंगणापर्यंत आणता आली नाही, इतकी माणसं. कार्यक्रम आहे का मॅडम, म्हणाली. प्रत तिच्या हातात होती, लाल फीत लावलेली छोटी डबी. मी बोलले नाही. चित्रपट लावला. पहिल्या घरात माझा आवाज आला.

तिने डबी टेबलावर ठेवली. तिचे हात सुटे पडले. म्हणाली, माझी आजी. आणि पुढे —

तिला मी विचारलं नव्हतं. पडद्यावरच्या माझ्या आवाजाने विचारलं. म्हणजे २६ जुलैला वाशीमच्या त्या सभागृहात. मग नागपूर. मग जिथे जिथे. खुर्च्यांच्या रांगा. सगळे उठून उभे राहतील, पण टाळ्यांसाठी नाही.

बोलता बोलता तिने एकदाच, स्वतःला आवरून, डबीकडे बोट दाखवलं. बसवायचा का हेमलाताईंचा आवाज, मॅडम? आत्ताच होईल.

भिंतीशी सगळे ताठ झाले. बाहेरचं गुणगुणणं थांबलं. प्रयागबाई दारात आली. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. हात जोडले तिने.

मान हलवली मी. नाही.

ताबा दिल्याची नोंद, करारानुसार.

पूर्ण चित्रपट, 'दगडावर नसलेले', दिला. मूळ चित्रणाच्या डिस्क, सर्व, दिल्या. कॅमेरा, माईक, संकलनाचं यंत्र आणि पडदा दिला. लाल फितीची डबी, न उघडता, परत दिली. हेडफोन दिले, सपनाने स्वतः माझ्या कानांवरून काढून घेतले. घराची किल्ली प्रयागबाईला दिली, तिने घेतली नाही, उंबऱ्यावर आहे.

पेला दिला नाही. देता आला नाही.

नाव दिलं नाही.

सपना गेली. गाडी दूर जाईपर्यंत तिची आजी ऐकू येत होती.

खोलीत आता यंत्र नाही. पडदा नाही. ते सरकून जागा करत आहेत. कोणीतरी आणखी येतं आहे. बर्फाची टोपी. फोटोतली. समोर बसली, कॅमेऱ्याची डावी बाजू असते तिथे. हिच्याबद्दल कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

कानांवर काही नाही. तरी कानात, अगदी जवळ, जशी दर वेळी सुरुवातीला —

कुमुद, ऐकू येतंय का?

येतंय. येतंय, हेमला. बोल. मला विचारायचं होतं की तू दर वेळी माझंच नाव का — तोंड उघडलं आणि —

घर में कौन कम है

ती सांगते आहे. माझ्याकडे बघून. ती म्हणते, तू. दर घरात, दर वेळी, तू कमी होतीस म्हणून मी आधी तुला —

पेला गरम झाला आहे. संपेपर्यंत उठायचं नाही. ती पुण्यापासून सुरू करते आहे, त्या पहिल्या दिवसापासून, तू कोपऱ्यात हेडफोन लावून बसली होतीस आणि मी